या पत्त्यावर आधीच खातं आहे

नोएमीनं ती साइट सुरू केली तेव्हा तिच्यात कुणाचंच नाव नव्हतं. मोबाइलवर उघडली की एक रिकामा चौकोन दिसायचा. लाइनवर काय घडलं ते त्यात लिहायचं, खालचं बटण दाबायचं, संपलं. लिहिणारा कोण, हे ती साइट विचारतच नसे. आम्हाला तेच बरं होतं.

अमेरिकेतल्या आमच्या हॉल्टन बेंड गावात डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना आहे. आम्ही त्याला नुसतं प्लांट म्हणतो. मी मांड्यांच्या लाइनवर असायची. पट्ट्यावरून मांडी आली की सुरीनं हाड मोकळं करायचं आणि ती पुढे ढकलायची, तोवर दुसरी समोर आलेलीच असते. नोएमीची आई आमाबिलिया माझ्या शेजारी उभी राहायची. पुढे तिच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. ऑफिसनं सांगितलं, हात दुखतो असं तुम्ही कधी कळवलेलंच नाही, आमच्याकडे नोंद नाही. तिनं कळवलं होतं, सुपरवायझरला, तोंडानं, माझ्यासमोर. पण तोंडचं कोण धरतो. शेवटी ती ग्वाटेमालाला बहिणीकडे निघून गेली. मुलगी इथंच राहिली. मुलगी शिकलेली, ओमाहा शहरातल्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरी बसून करणारी. आईचं ते 'नोंद नाही' तिच्या मनातून जाईना. म्हणून तिनं स्वतःच्या हातानं साइट बनवली आणि तिला नाव दिलं, ला लिनेआ. म्हणजे लाइन.

लोक लिहायला लागले. पट्टा किती वेगानं पळवतात, बाथरूमला सोडत नाहीत, अमोनियाचा वास येतो तेव्हा काम थांबवत नाहीत, कुणाचं बोट गेलं, कुणाला चक्कर आली. काहींनी स्पॅनिशमध्ये लिहिलं, काहींनी सोमालीत, एका मुलानं नुसते फोटो टाकले. मग दुसरीही माणसं आली. त्या चौकोनात घाणेरड्या शिव्या पडू लागल्या, खोट्या बातम्या पडू लागल्या, अमक्या बाईचं तमक्याशी आहे, असलं. ते सुपरवायझर लोकांचं काम आहे हे आम्हाला समजत होतं, पण दाखवणार कसं? तिथं कुणाचंच नाव नव्हतं.

लुथरन चर्चच्या तळघरात वॉल्टर लुंडग्रेन बसायचा. निवृत्त वकील, कामगारांची गाऱ्हाणी फुकट ऐकायचा आणि लिहून द्यायचा. एका रविवारी त्यानं नोएमीला बसवून घेतलं. मी कॉफी ओतत होते.

"हे सगळं वाचून माझी झोप उडते, पोरी," तो म्हणाला, "पण मला याचा काडीचा उपयोग नाही. सरकारी इन्स्पेक्टर विचारतो, अमोनियाचं कुणी पाहिलं? मी काय सांगू? एका चौकोनानं?"

"नावं मागितली तर कुणी लिहिणार नाही, वॉल्टर."

"नावं नकोत. मला त्या माणसाला परत काहीतरी विचारता आलं पाहिजे, एवढंच. आणि तो फालतू माणूस दहा वेळा शिव्या लिहितो त्याला अडवता आलं पाहिजे. तुम्हा लोकांकडे असतं ना काहीतरी, खातं उघडायचं, ईमेल द्यायचा?"

नोएमीनं कप बाजूला सारला. "असतं," ती म्हणाली. "मी करते."

त्यात तिचे कितीतरी शनिवार-रविवार गेले. मी तिच्याकडे ताटली घेऊन जायची, ती खायची विसरायची. काय करतेस विचारलं की मला समजेल अशा भाषेत सांगायची. आता प्रत्येकानं आपला ईमेल द्यायचा आणि एक पासवर्ड ठरवायचा. साइट त्या ईमेलवर पत्र पाठवणार, त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं की खातं पक्कं. म्हणजे दुसऱ्याच्या ईमेलवर कुणाला खातं उघडता येणार नाही.

"आणि आमचे ईमेल कुणाला दिसणार?"

"मला आणि वॉल्टरना. तिसऱ्या कुणाला नाही. पासवर्ड तर मलासुद्धा दिसत नाही, दोन्या ओडिलिया. तो अशा रीतीनं कुटून ठेवलाय की उद्या कुणी अख्खा सर्व्हर उचलून नेला तरी हाती काही लागायचं नाही."

मी ओडिलिया; वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे मानानं दोन्या म्हणतात. ते सांगताना तिचा चेहरा खुलला होता. हा भाग तिनं फार काळजीपूर्वक केला होता. माणसानं चांगलं कुलूप बसवल्यावर ते दोनदा ओढून बघावं, तसं ती मला ते दोनदा सांगत होती.

"मी कुठला ईमेल देऊ? माझा एकच आहे. पगाराची स्लिप येते तो."

"तोच द्या की. सगळे तोच देणार."

सुरुवातीला तळघरातल्या पंधरा-वीस जणांनी खाती उघडली. आमच्यातले बरेच जण असले काही पहिल्यांदाच करत होते. एकदा उघडलं, विसरले, पुढच्या रविवारी पुन्हा उघडायला बसले. साइट म्हणायची, नोंदणी होऊ शकली नाही. लोक घाबरायचे, आपल्याला काढून टाकलं की काय. मग नोएमीनं ते वाक्य बदललं. तिथं मोठ्या अक्षरात, तीन भाषांत येऊ लागलं: या पत्त्यावर आधीच खातं आहे. लोकांचा जीव भांड्यात पडला. वॉल्टर म्हणाला, असं सरळ बोलणारं यंत्र त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

खाती आली तशी दर शुक्रवारी नोएमीची मेलही येऊ लागली. त्या आठवड्यात लाइनवर काय काय झालं, कुणाचंही नाव न घेता, आणि खाली एखादा हक्क समजावून सांगितलेला. बाथरूमला सोडणं त्यांना भाग आहे. दुखापत झाली तर कागदावर मागा. असं.

या मेलचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे एव्हारिस्तो. तो पाठीच्या बरगड्यांच्या लाइनवर होता. त्याच्या बॅजवर रूबेन असं नाव होतं, कारण परवाना, सरकारी नंबर, सगळे कागद रूबेन नावाच्या दुसऱ्याच माणसाचे होते. आमच्या भागात असे पुष्कळ. मी त्याच्याच गाडीतून कामावर जायची. दुपारी सुटलो की गाडी गरम होईपर्यंत तो मोबाइल डोळ्यांजवळ धरून ती मेल मोठ्यानं वाचायचा, एकेक शब्द जुळवत, मध्येच थांबून हसत.

"तू स्वतः काही लिहिलंस का त्यात?" मी एकदा विचारलं.

"मी? वेडी आहेस का? माझं स्पेलिंग बघितलं तर ती पोरगी साइट बंद करेल."

"मग खातं कशाला उघडलंस?"

"पत्र यावं म्हणून. प्लांट मला स्लिप पाठवतो, बँक मला धमक्या पाठवते. ही एकटीच लिहिते, प्रिय मित्रा." मग गाडी काढत म्हणाला, "क्रिसांताला सांगू नकोस. तिला वाटेल माझं काही चाललंय, चिडवत बसेल."

क्रिसांता त्याची बायको. हायवेवरच्या मोटेलमध्ये खोल्या झाडायची. मुलगी शाळेत होती.

खात्यांमुळे वॉल्टरचं कामही पुढे सरकलं. अमोनियाबद्दल लिहिणाऱ्यांना त्यानं ईमेल केले, त्यातले काही बोलायला तयार झाले, सही करायलाही. त्यानं तक्रार दाखल केली. ख्रिसमसच्या आधी इन्स्पेक्टर प्लांटमध्ये येऊन गेले, पांढरे डगले घालून, वह्या घेऊन. ते होते तोपर्यंत पट्टा मंद चालला. मांडी समोर आल्यावर तिच्याकडे बघायला वेळ मिळत होता. लोक एकमेकांशी बोलत होते. तेवढे दिवस चांगले गेले, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळे म्हणायला लागले की त्या साइटनं नुसतं वाईटच केलं.

जानेवारीत एका आठवड्यात अचानक निम्म्या प्लांटला मेल आला. ला लिनेआमध्ये स्वागत आहे, खातं पक्कं करायला इथं बोट ठेवा. ज्यांनी कधी ती साइट उघडली नव्हती त्यांनाही. जेवणाच्या खोलीत त्यावरून नुसती खेचाखेच चालली होती.

"ओडिलिया, तुझी पोरगी आता निवडणुकीला उभी राहते का?" कुणीतरी म्हणालं.

"मला दोनदा आलाय. एकदा माझ्या नावानं, एकदा मेलेल्या भावाच्या. त्याचा ईमेल अजून प्लांटकडे आहे ना."

एव्हारिस्तो सगळ्यांचे मोबाइल बघत फिरत होता. "मला कसा नाही आला?" तो म्हणाला. "मी तर सगळ्यात जुना मेंबर."

"तू आधीच आत आहेस म्हणून," मी म्हटलं. मलाही आला नव्हता.

मी नोएमीला फोन केला. ती खुशीत होती. "हो, बघतेय मी. शेकड्यांनी लोक नोंदणी करतायत. इन्स्पेक्टर आल्यापासून गावात चर्चा झाली असेल." मग म्हणाली, "पक्कं मात्र कुणी करत नाहीये. मेल स्पॅममध्ये जात असतील. बघते मी या रविवारी." त्या आठवड्यात तिच्या ओमाहाच्या कंपनीचंही काहीतरी अडलं होतं, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. आणि खरं सांगायचं तर लोक येतायत असं दिसल्यावर कोण शंका घेतो.

पुढच्या सोमवारपासून ऑफिसनं एकेकाला बोलवायला सुरुवात केली. कागद पुन्हा तपासायचे आहेत, असं कारण. एव्हारिस्तोला पहिल्याच दिवशी बोलावलं. तो परत लाइनवर आला तो सुरी आणि जाळीचा हातमोजा जमा करायलाच. सुटल्यावर तो मला घरी सोडायला निघाला. पुलाजवळ आल्यावर म्हणाला, "बाई फार गोड बोलली. रूबेन, तुमचा नंबर जुळत नाही. इतकी वर्षं जुळत होता, आता जुळत नाही."

"अजून कुणाकुणाला बोलावलंय?"

त्यानं नावं सांगितली. मी ऐकत होते आणि माझ्या मनात काहीतरी जुळत चाललं होतं, पण ते धड हाती लागत नव्हतं. ही सगळी तळघरातली माणसं होती.

बुधवारी मला बोलावलं. ऑफिसातली प्रुइटबाई, केस नीट विंचरलेले, टेबलावर मुलांचे फोटो. माझे कागद पक्के आहेत, मला काढता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं मला बसायला सांगितलं.

"ओडिलिया, तुम्हाला आतड्यांच्या खोलीत हलवतोय. तिथं अनुभवी माणूस लागतो."

त्या खोलीत दिवसभर गरम पाण्याच्या वाफेत आतडी धुवायची असतात. तिथं नवखी पोरं दोन महिने टिकत नाहीत. मी म्हटलं, "मी काही चूक केली का?"

"छे, छे. फक्त एक सांगते. काही मनात असेल तर दार उघडं आहे आमचं. बाहेर लिहीत बसण्यापेक्षा इथं येऊन बोलावं." असं म्हणून तिनं माझ्याकडे बघून हसून फाइल मिटली.

मी तिथून बाहेर पडले ती सरळ नोएमीकडे गेले. प्लांटचे बूटही काढले नव्हते. तिनं दार उघडलं, मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला सांगितलं, कोणाकोणाला बोलावलं, कोणाला काढलं, बाई मला काय म्हणाली. ती मध्येच म्हणाली, "थांबा." लॅपटॉप उघडला. "त्यांना नावं कशी मिळतील? मिळूच शकत नाहीत."

ती कितीतरी वेळ काही ना काही शोधत राहिली. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत होत्या. मग तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"हे नोंदणीचे सगळे प्रयत्न आहेत. ते जे शेकड्यांनी येत होते ना." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळे एकाच ठिकाणाहून आलेत. दोन दुपारींत. आणि आडनावांच्या क्रमानं आहेत, दोन्या ओडिलिया. आब्दी, आगिलार, आल्बारादो. ही माणसं साइटवर आलेलीच नाहीत. कुणीतरी पगाराची यादी घेऊन एकेक ईमेल टाइप करत गेलंय."

"पण आमचा पासवर्ड त्यांना कुठं माहीत?"

"पासवर्ड लागतच नाही." तिनं नोंदणीचं पान उघडलं, माझा ईमेल टाइप केला, पासवर्डच्या जागी काहीतरी आलतूफालतू घातलं आणि बटण दाबलं. मोठ्या अक्षरात आलं: या पत्त्यावर आधीच खातं आहे. मग तिनं दुसरा कुणाचा तरी ईमेल घातला. त्याला आलं: तुमच्या पत्त्यावर पत्र पाठवलं आहे.

मला समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे ज्यांना ज्यांना तो स्वागताचा मेल आला..."

"त्यांचं खातं नव्हतं."

"आणि आम्हाला नाही आला."

नोएमी उठून सिंकपाशी गेली, नळ सोडला आणि नुसती पाण्याखाली हात धरून उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "एवढंच लिहायचं होतं. खातं असो वा नसो, दोघांना एकच वाक्य. 'तुमचा मेल तपासा.' पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा माहीत असतं हे. मला माहीत होतं. लोक गोंधळतात म्हणून मी ते..."

ते वाक्य तिनं तिथंच बसून बदललं. त्याला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

वॉल्टरनं सूड उगवल्याची तक्रार केली. प्लांटच्या वकिलाचं उत्तर एका पानाचं आलं: कागद तपासणं कायद्यानं बंधनकारक आहे, कुठल्याही साइटशी त्याचा संबंध नाही. नोएमीकडे त्या दोन दुपारींची नोंद होती, ती प्लांटच्याच ऑफिसच्या इंटरनेटवरून आलेली होती, तेही दिसत होतं. वॉल्टरनं आम्हाला तळघरात जमवलं आणि ते समजावून सांगितलं.

"हे दाखवता येईल. पण कोर्ट विचारेल, खातं कोणाकोणाचं होतं आणि त्यातल्या कोणाला काढलं. ती यादी मला द्यावी लागेल. नावांसकट."

नाव द्यायला कुणी पुढे आलं नाही. ज्यांना काढलं होतं त्यांतले बहुतेक रूबेन होते, कुणा ना कुणाच्या नावावरचे. आपलं खरं नाव कोर्टात द्यायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी इमिग्रेशनचे लोक दारात उभे राहतील हे त्यांना सांगायची गरज नव्हती. अमोनियाच्या कागदावर सही करायला तयार झालेली माणसंही आता वॉल्टरचा फोन उचलत नव्हती. तो शेवटी खुर्च्या आवरायला लागला. इन्स्पेक्टरांचा अहवाल पुढे आला, प्लांटनं किरकोळ दंड भरला आणि पट्टा पूर्वीसारखा पळू लागला. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं, मी तेव्हा आतड्यांच्या खोलीत होते.

एव्हारिस्तोनं दोन-तीन ठिकाणी बघितलं. हिवाळ्यात छपरांचं काम नसतं, शेतावर काम नसतं. शेवटी एका ठेकेदारानं त्याला घेतलं. कोठ्या साफ करायचं काम. पत्र्याच्या गोल कोठ्या, तीन मजल्यांएवढ्या, मक्यानं भरलेल्या. ओलसर मका भिंतीला चिकटून बसतो, तो काठीनं ढोसून मोकळा करायचा, म्हणजे खालच्या भोकातून तो वाहत राहतो. कागद कुणी विचारत नव्हतं. मी त्याला म्हटलं, तिथं माणसं दबतात म्हणतात. तो म्हणाला, "आणि प्लांटमध्ये काय होतं? कोठीत निदान पट्टा मागे लागत नाही." तेव्हा मी हसले.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याला आत उतरवलं तेव्हा कमरेला दोर बांधलेला नव्हता आणि खालची मोटर चालू होती. मका खाली ओढायला लागला की पाय सोडवता येत नाहीत. ठेकेदाराचा दुसरा माणूस वरून बघत होता. तो म्हणाला, गुडघ्यापर्यंत होता तोवर एव्हारिस्तो त्याच्याशी बोलत होता, मोटर बंद कर म्हणत होता. मोटरचं बटण खाली, बाहेरच्या बाजूला. हा शिडीवरून उतरेपर्यंत वर फक्त मका राहिला होता. गावातले अग्निशमनवाले आले, त्यांनी पत्रा कापला, मका बर्फावर सांडत राहिला. मी तिथं गेले तेव्हा क्रिसांता मोटेलच्या एप्रनवरच आलेली होती, आणि तो ढीग वाढताना बघत होती.

माती झाल्यावर आठवड्याभरानं नोएमी माझ्याकडे आली. तिचं वजन उतरलं होतं. "मला क्रिसांताला सांगायचंय," ती म्हणाली. "तिला माहीत नाही ते तपासणीचं कसं झालं. तिला वाटतं नशिबानं त्याचा नंबर निघाला."

"सांगून काय होणार? तो परत येणार आहे का?"

"नाही."

"मग तुला हलकं वाटावं म्हणून तिला ऐकवणार?"

तिनं डगल्याची बटणं लावली. मग म्हणाली, "कदाचित हो. पण तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? वॉल्टरच्या कागदात आहे ते सगळं. तळघरात सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणीतरी तिला दुकानात सांगेल."

ते खरं होतं. म्हणून मी तिच्याबरोबर गेले.

क्रिसांताच्या ट्रेलरमध्ये, त्या पत्र्याच्या फिरत्या घरात, हीटर घरघरत होता. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. टेबलावर शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या जेवणाच्या भांड्यांचे ढीग, कुणी बीन्स, कुणी मॅकरोनी. क्रिसांतानं आमच्यासाठी खुर्च्या मोकळ्या केल्या. नोएमीनं डगला काढलाच नाही. तिनं सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. स्वतःची बाजू सांभाळली नाही आणि उगाच रडलीही नाही. क्रिसांता भांडी पुसत ऐकत होती.

"मला एक समजत नाही," ती शेवटी म्हणाली. "त्यानं काय लिहिलं होतं? एवढं काय लिहिलं होतं त्यानं?"

"काही नाही. एक शब्दही नाही. फक्त खातं होतं."

"कशाला?"

नोएमीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शुक्रवारची मेल यायची. त्याला ती वाचायला आवडायची. गाडीत मला वाचून दाखवायचा."

क्रिसांताचं फडकं थांबलं. "मला कधी नाही दाखवली."

"त्याला वाटलं तू चिडवशील."

"चिडवलंच असतं," ती म्हणाली आणि खाली बसली. आतून मुलीनं विचारलं, आई, कोण आहे? ती म्हणाली, कुणी नाही, तू कर तुझं.

मग तिनं नोएमीकडे वळून विचारलं, "म्हणजे त्यांनी येऊन विचारलं, हा आत आहे का. आणि तुझ्या त्या साइटनं सांगितलं, आहे."

"हो."

"कुणीही विचारलं असतं तरी सांगितलं असतं?"

"हो. तेव्हा सांगितलं असतं."

"कोण विचारतंय, कशाला विचारतंय, एवढंसुद्धा नाही विचारायचं होतं?"

नोएमीनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. क्रिसांताचा आवाज चढला नव्हता, आणि मला वाटतं तो चढला असता तर बरं झालं असतं.

"ते अजून आहे का? त्याचं खातं?"

"आहे."

"काढून टाक."

"घरी गेले की लगेच..."

"नाही. इथं. माझ्यासमोर."

नोएमीच्या पिशवीत लॅपटॉप होता. तिनं तो बीन्सच्या भांड्यांशेजारी उघडला. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "खातं काढायचं बटण मी केलंच नव्हतं. कुणी काढून टाका म्हणेल असं मनात आलं नाही. हातानं काढावं लागेल, थोडं थांबा." तिची बोटं दोनदा चुकली. क्रिसांता उठून तिच्या मागे उभी राहिली. पडद्यावर ईमेलांची लांबच लांब यादी आली, आम्ही सगळे एकाखाली एक. एव्हारिस्तोची ओळ तिनं शोधली. त्याच्यापुढे त्यानं शेवटची मेल कधी उघडली ती तारीख होती, कोठीचं काम धरल्यानंतरची. कोठीच्या कामावर जात असतानाही तो शुक्रवारची वाट बघत होता.

ओळ गेली. खालच्या ओळी वर सरकल्या.

"झालं?"

"झालं."

"बाकीचीही काढ," क्रिसांता म्हणाली. "सगळी."

नोएमीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं सगळी काढली. मग क्रिसांता म्हणाली, "आता जा तू. दोन्या, तुम्ही बसा."

नोएमी एकटीच बाहेर गेली. खिडकीतून मला दिसत होतं, ती गाडीत बसली, पण गाडी बराच वेळ निघाली नाही.

साइट त्याच महिन्यात बंद झाली. वॉल्टरनं तिला दोन-तीनदा सांगून बघितलं, आता तर ती चूक राहिली नाही, आता पुन्हा सुरू करू. तिनं नकार दिला. वसंतात ती ओमाहाला राहायला गेली. तिचा कधीतरी फोन येतो. कामाचं फारसं सांगत नाही, आईच्या हाताचं सांगते, कुठल्याशा मलमानं जरा बरं आहे म्हणते. मीही प्लांटचं काही सांगत नाही. मागे एकदा मी विचारलं, लग्नाबिग्नाचं काय, तर हसली. तेवढ्यावरच बोलणं संपलं.

उन्हाळ्यात मोटेलनं क्रिसांताचे तास निम्म्यावर आणले. तिच्याकडे कामाचा परवाना आहे, तिच्याच नावाचा. एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, सुपरवायझरशी बोलाल का. मी तिला सांगून बघितलं, दुसरं काही बघ, वाट्टेल ते बघ. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरं काय आहे इथं?"

तिला मांड्यांच्या लाइनवर घेतलं, माझ्या जुन्या जागेजवळ. मला आठवड्यातून दोन दिवस तिकडे पाठवतात, माणूस कमी पडला की. पहिल्या दिवशी मी तिच्या शेजारी उभी राहिले. हातमोजा तिला मोठा होत होता, तो मनगटाला घट्ट बांधून दिला. सुरी कशी धरायची ते दाखवलं, जोर खांद्यानं लावायचा, मनगटानं नाही, नाहीतर वर्षभरात बोटं जातात. तिनं विचारलं, दुखलं तर कुणाला सांगायचं? मी तिला सांगितलं, कागदावर दे आणि एक कागद स्वतःकडे ठेव. तेवढ्यात पट्टा सुरू झाला.